वादळानंतरची वाडी

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी शेतकऱ्यांच्या अडचणीसंबंधी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळींनी केली तेव्हा प्रथम गारपिटीचा विषय मनात आला. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या टापूत माघ-फाल्गुनात उभ्या गव्हावर आणि मोहरीवर गारा पडल्या म्हणजे काय होते, हे येथील वाचकांस निराळे सांगावयास नको. परंतु गारपिटीपेक्षा फार वेगळ्या तऱ्हेचे एक संकट आहे, त्यात शेतकऱ्यास लागणारी मदतही वेगळी असते, आणि ती कशी असावी हे न समजल्यामुळे मजसारख्या भूगोल शिकविणाऱ्या माणसानेही चूक केली आहे. ते संकट म्हणजे कोकण किनाऱ्यावरील चक्रीवादळ होय.

समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपणांस त्याचे काय, असे कोणी विचारील. घरात पानाचे तबक असो की पूजेचे ताम्हण, सुपारीवाचून आपले पान हलत नाही. सुपारीच्या जातींत श्रीवर्धनची रोठा सुपारी नामांकित आहे. रायगड जिल्ह्यातील हे गाव माझे आजोळ. पोफळी, माड, त्यांवर चढविलेले मिरीचे वेल, मधून जायफळ आणि केळी, अशा दाट सावलीच्या वाड्या तेथे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहेत. ता. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे वादळ अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगरच्या टापूत किनाऱ्यावर चढले आणि काही तासांत ह्या वाड्या आडव्या झाल्या.

प्रथम वादळाविषयी थोडेसे. अमेरिकेकडे ज्यास हरिकेन म्हणतात, जपान-फिलिपाइन्सकडे ज्यास टायफून म्हणतात, तेच आपले चक्रीवादळ. समुद्राचे पाणी पुरेसे तापले, म्हणजे सुमारे साडेसव्वीस अंशांच्या वर गेले, की त्यावरील ओलसर हवा वर चढू लागते, तिची जागा घेण्यास भोवतालचा वारा धावतो, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या गोलार्धात तो डावीकडून, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, घुमू लागतो. बंगालचा उपसागर यासाठी जुना कुप्रसिद्ध आहे. अरबी समुद्राच्या महाराष्ट्राकडील भागात अशी वादळे तुलनेने विरळा. तथापि ११ नोव्हेंबर २००९ चे ‘फयान’, २०२० चे ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये कोकणाला घासून गुजरातेत ऊन्याजवळ चढलेले ‘तौक्ते’ ही तीन बारा वर्षांच्या आत आली. या तिसऱ्याचे उरलेसुरले ढग राजस्थानमार्गे उत्तरेस आले आणि दिल्लीत मे महिन्यातला विक्रमी पाऊस पाडून गेले. तेव्हा समुद्र आपणांपासून वाटतो तितका दूर नाही. (नावांविषयी मुले नेहमी विचारतात म्हणून सांगतो: ती शेजारी देशांनी मिळून ठरविलेल्या यादीतून दिली जातात. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचविले होते.)

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी २५ किलोमीटरचा वारा रोजचाच; तो १०० झाला की झाडावरचा रेटा सोळापट होतो. निसर्गचा वेग शंभराच्या वर होता. त्यात वादळाचा मधला भाग पुढे सरकला की वारा फिरतो. आधी ज्या बाजूने ढकलीत होता तिच्या उलट बाजूने ढकलू लागतो. मुळे आधीच हललेली असतात. पोफळीचे खोड बारीक, उंची चाळीस-पन्नास फूट, आणि तंतुमय मुळांचा बहुतेक पसारा जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत. शिवाय झाडे नऊ-नऊ फुटांवर लावलेली. एक पडले की ते शेजाऱ्यास घेऊन पडते.

आता आपल्या गव्हाशी तुलना करावी. गारपिटीत शेतकऱ्याचा एक हंगाम जातो. हे दुःख लहान आहे असे मी म्हणत नाही. घरचे लग्न, मुलाची फी, सोसायटीचे कर्ज, सारे त्याच हंगामावर बेतलेले असते. परंतु जमीन मोकळी राहते आणि पुढच्या कार्तिकात तेथेच पुन्हा पेरणी होते. पोफळीस शेंड्याशी एकच कोंब असतो. तो मोडला की झाड मेले. आंब्यासारखी बुंध्यापासून नवी फूट त्यास येत नाही. नवे झाड लावले तर पहिली सुपारी दिसण्यास पाच-सहा वर्षे आणि भर येण्यास दहा वर्षे लागतात. उंच जातीच्या माडाचेही जवळपास तसेच. म्हणजे वाडीवाल्याचा हंगाम जात नाही, दशक जाते; आणि वाडीवाला म्हातारा असेल तर त्याच्या हयातीतली वाडी गेली असेच म्हणावे लागते.

माझे मामू तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांची वाडी बारा गुंठ्यांची. १ जूनला समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला, २ तारखेस त्यास नाव मिळाले, बंदरावर बावटा चढला, आणि ३ तारखेस वादळ आले. हवामान खात्याने सूचना वेळेवर दिली होती आणि किनाऱ्याजवळची माणसे हलविली गेली, म्हणून इतक्या मोठ्या नासाडीच्या मानाने माणसे थोडी दगावली. ही गोष्ट साधी नव्हे. ओडिशात ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्याच किनाऱ्यावर १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ आले तेव्हा लाखो लोक आधीच हलविल्यामुळे मृतांची संख्या पन्नासाच्याही आत राहिली. माणूस वाचविण्याची विद्या आपण शिकलो आहोत. मात्र झाडास उचलून निवाऱ्यात नेता येत नाही.

चार दिवस फोन लागला नाही. पाचव्या दिवशी लागला तेव्हा मामूंनी आकडा सांगितला: एकशेतीस पोफळींपैकी शहाण्णव पडल्या, नऊ माडांपैकी चार. घराची कौले उडाली आणि माळ्यावर वाळवून ठेवलेली वर्षाची सुपारी पावसात भिजली. ईद होऊन नऊ दिवस झाले होते, टाळेबंदी चालू होती, मुंबईची मंडळी घरी येऊन बसली होती, म्हणून खाणारी तोंडे नेहमीच्या दुप्पट.

येथे आमची चूक सांगतो. शाळा बंद होत्या. आम्ही काही शिक्षकांनी आणि स्नेह्यांनी फोनवरून वर्गणी गोळा केली आणि ग्वाल्हेरीस जे चांगले मिळते ते, म्हणजे गव्हाचे पीठ आणि चादरी, पाठविण्याचे ठरविले. मालमोटार मिळण्यात दिवस गेले, परवानगीत दिवस गेले. माल पोहोचला तो तीन आठवड्यांनी, भर पावसात. निम्मे पीठ ओलसर झाले होते. मामूंनी आमचे मन मोडले नाही. “पीठ मिळाले, अल्ला तुमचे भले करो,” ते म्हणाले, “पण वाडीत पाय ठेवायला जागा नाही. करवत चालवणारे दोन गडी पाठवता आले असते तर बरे झाले असते.”

त्या एका वाक्यात मदतीचा सारा विचार आहे. पोफळी एकावर एक पडल्या म्हणजे वाडीचे रान होते. खाली विहीर असते, पाटाचे पाणी असते, जी झाडे अजून जिवंत आहेत तीही त्या ढिगाऱ्यात अडकलेली असतात. हाताच्या कुऱ्हाडीने एक खोड तोडून बाहेर काढण्यास दोन माणसांचा किती वेळ जातो, ते ज्याने केले आहे त्यासच ठाऊक. इंधनावर चालणारी करवत त्या दिवसांत सोन्याहून मोलाची झाली होती. जी होती तिचे भाडे परवडेना, आणि ती चालविणारा सापडेना. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, सबब विहिरीवर पंप असून पाणी नाही.

ढिगारा लवकर काढावयाचा तो केवळ वाट मोकळी व्हावी म्हणून नव्हे. कुजत्या खोडांत आणि उकिरड्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याची पिढी तयार झाली की ती उभ्या राहिलेल्या माडांच्या शेंड्यात भोके पाडते, आणि त्या जखमांतून सोंड्या भुंगा शिरतो. वादळाने जे सोडले ते मग किडा नेतो. फिलिपाइन्समध्ये नोव्हेंबर २०१३ च्या ‘हैयान’ वादळात सुमारे तीन कोटी तीस लाख माड मोडले किंवा दुखावले. तेथे हाच धोका ओळखून पडलेल्या खोडांच्या फळ्या पाडण्यासाठी फिरत्या करवती गावोगाव नेण्यात आल्या. त्याच फळ्यांतून घरे उभी राहिली. आपल्याकडे माडाच्या खोडाचा वासा-खांबास उपयोग होतो. पोफळीचाही मांडव-कुंपणास होतो. परंतु शेकडो खोडे एकदम पडली म्हणजे घेणारा कोण?

आंबा-काजूची गोष्ट निराळी, आणि तेथे घाई केली तर झाड वाचते. दापोली-मंडणगडकडे अशी पुष्कळ झाडे मुळांसह कलंडली. ज्याची निम्मी मुळे जमिनीत आहेत ते कलम थोड्या दिवसांत उभे करता येते. आधी फांद्या छाटून भार हलका करावा, मुळांखालचा खड्डा मोकळा करावा, दोर लावून हळूहळू उचलावे, माती भरून घट्ट दाबावी आणि तिन्ही बाजूंनी टेकू द्यावे. कापलेल्या जागी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांचा लेप लावावा. यास बोर्डो पेस्ट म्हणतात. मुळे उघडी पडून वाळली की मग कितीही खर्च केला तरी उपयोग नाही. म्हणजे येथेही पहिल्या आठवड्यात धान्यापेक्षा दोर, टेकू आणि माहितगार माणूस यांची किंमत अधिक.

आता सरकारी भरपाईचा हिशेब. हे उदाहरण मी वर्गात मुलांकडून सोडवून घेतले आहे. पीकनुकसानीची मदत आपल्या मध्य प्रदेशात ‘आर. बी. सी. ६-४’ या नियमाखाली मिळते, हे शेतीवाल्या घरांस माहीत आहेच. महाराष्ट्रात बहुवार्षिक पिकांस हेक्टरी १८,००० रुपये असा दर होता. निसर्गनंतर तो ५०,००० करण्यात आला, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. ऐकावयास रक्कम मोठी. पण नऊ फुटांवर लावलेल्या पोफळी एका हेक्टरात सुमारे १,३७० बसतात. भागाकार केला म्हणजे जुन्या दराने झाडामागे तेरा रुपये आणि नव्या दराने साडेछत्तीस रुपये येतात. मामूंच्या बारा गुंठ्यांस हेक्टरी हिशेबाने सहा हजार. कोकणातल्या वाड्या गुंठ्यांतल्या असल्यामुळे हेक्टरी दर लागू पडत नाही अशी ओरड झाली, तेव्हा पोफळीस झाडामागे ५० आणि माडास २५० रुपये असाही दर ठरविण्यात आला. शहाण्णव पोफळी आणि चार माड यांचे त्या हिशेबाने पाच हजार आठशे होतात. कोणत्याही वाटेने गेले तरी उत्तर तेच! आणि एवढ्या रकमेत वाडी साफ करून घेणेही कठीण.

तामिळनाडूत १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ वादळाने तंजावर-पुदुकोट्टई भागातील माड लोळविले तेव्हा तेथील सरकारने माडामागे १,१०० रुपये जाहीर केले: ६०० झाडाचे आणि ५०० ते तोडून काढण्याचे. माड आणि पोफळ यांची किंमत सारखी नव्हे, हे मान्य. पण पडलेले झाड काढण्यास पैसा लागतो ही गोष्ट कोणीतरी कागदावर मांडली, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते.

कागदाचाच दुसरा प्रश्न सातबाऱ्याचा. मामूंच्या सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत. त्यांतील दोघे कुवेतला, एक आफ्रिकेत, आणि तिघे अल्लाच्या घरी गेले असून त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. तलाठी पंचनाम्यास येतो तेव्हा तो काय करणार? संमतीपत्रे गोळा करण्यातच पावसाळा संपला. आपल्या खसरा-खतौनीतही हीच स्थिती पुष्कळ घरांत आहे, म्हणून सांगतो: वारसनोंद आणि वाटणी ही वादळाच्या तयारीचीच कामे आहेत. त्यास रुपयापेक्षा मनाचा मोठेपणा अधिक लागतो.

बाकीची तयारी पावसाळ्यापूर्वी आणि सूचना मिळाल्यानंतरच्या दोन दिवसांत करावयाची असते. माडावरचे तयार नारळ आणि खालच्या जड झावळ्या उतरवाव्यात, म्हणजे शेंड्याचा भार आणि वारा धरण्याची जागा दोन्ही कमी होतात. आंब्याची दाट फांदी विरळ करावी. पंप सोडवून उंच ठेवावा, वाळलेली सुपारी पक्क्या छपराखाली हलवावी, गुरांची दावी सोडावीत, कागद मेणकापडात बांधावेत. समुद्राकडील बाजूस सुरू, उंडी, बांबू यांची दाट ओळ असली तर वाऱ्याचा पहिला तडाखा ती घेते. ही ओळ वादळाच्या वर्षी लावून उपयोग नाही, आणि निसर्गने अशी झाडेही मोडली, हे खरेच. परंतु सारे न वाचले तरी काही वाचते.

झाडांची मोजणी हे काम तर शाळेने करावे असे माझे मत आहे. दर वर्षी मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी मुलांनी आपापल्या वाडीतील झाडे मोजून, वय आणि जात लिहून, एका वहीत नोंद करावी आणि छायाचित्र ठेवावे. वादळानंतर किती झाडे होती हा वाद मग राहत नाही. गणिताचा तास होतो तो निराळाच.

परंतु सर्वांत अवघड वस्तू रोप ही आहे. सुपारीचे बी रुजण्यास दीड-दोन महिने, आणि रोप वाडीत लावण्याजोगे होण्यास वर्ष-दीड वर्ष. २०२० च्या जूनमध्ये ज्याची वाडी पडली त्यास पैसे घेऊन धावूनही चांगले रोप त्या पावसाळ्यात कोठून मिळणार? श्रीवर्धनला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे, तेथील रोपांस नेहमीच मागणी. वादळानंतर ती फारच वाढली. बाहेरून कोणत्याही जातीची रोपे आणून लावली तर रोठा सुपारीचे नाव जाते. यास्तव उभ्या राहिलेल्या चांगल्या झाडांचे बी राखणे आणि किनाऱ्यापासून थोडे आत, आडोशाच्या जागी, गावाची रोपवाटिका दर वर्षी चालू ठेवणे, हाच उपाय. वादळ न आले तर रोपे विकली जातात. तोटा काहीच नाही.

रोप लावल्यावरही काळजी संपत नाही. कोवळ्या पोफळीस नैर्ऋत्येकडील दुपारचे ऊन सोसत नाही, खोड भाजते. पूर्वी मोठ्या झाडांची सावली होती. आता वाडी उघडी. म्हणून आधी केळ लावावी लागते. केळीची सावली रोपास मिळते आणि वर्षभरात घड विकून घरात चार पैसे येतात. भाजी, अननस, सुरण यांनीही मधली वर्षे भागविता येतात. ज्यांनी असे केले ते टिकले. ज्यांना ती पाच-सात वर्षे काढणे जमले नाही त्यांच्यापैकी काहींनी वाडी विकली, आणि तेथे पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहिल्या.

म्हणून आपल्या ट्रस्टच्या सभासदांपुढे माझी विनंती एवढीच आहे, की पुढे कोठेही वादळ झाले आणि मदत पाठविण्याची वेळ आली, तर पहिल्या आठवड्याचे अन्नवस्त्र जवळच्या गावांनी आणि सरकारने द्यावे, ते त्यांस आपणांपेक्षा लवकर जमते. आपण दूरचे. आपण करवतीचे भाडे आणि गड्यांची मजुरी द्यावी, तीही रोख आणि लगेच; आणि उरलेली रक्कम एकदम न वाटता रोपे, केळीचे मुनवे आणि पाण्याची सोय यांसाठी पाच वर्षे हप्त्याने द्यावी. दर वर्षी एक पत्र लिहून झाड किती वाढले ते विचारावे. वर्तमानपत्रांतून वादळ आठवड्याभरात जाते, त्यानंतर विचारणारे कोणी नसते.

मामूंनाही जागेसाठी मुंबईहून गिऱ्हाईक आले होते, आणि भाव चांगला होता. मुलगा म्हणाला, विकू या. मामूंनी २०२१ च्या पावसाळ्यात साठ रोपे लावली. आमच्या वर्गणीतील पीठ-चादरींनंतर जे उरले होते, त्यातून त्यांतील निम्म्या रोपांचे पैसे गेले. पुढच्या उन्हाळ्यात सतरा रोपे उन्हाने गेली, कारण पश्चिमेच्या बाजूस केळी उशिरा लावल्या होत्या. ती पुन्हा लावली. गेल्या हिवाळ्यात फोन आला, की दोन झाडांना पहिली पोय दिसत आहे. सुपारी धरेल की गळून जाईल, असे मी विचारले. “ते मार्चात कळेल,” मामू म्हणाले आणि ग्वाल्हेरीस थंडी किती आहे ते विचारू लागले.